मापात पाप

वाण्याने पारड्याच्या बुडाशी चिंचोका चिकटवला, किंवा मापाला आतून बूड बसवले, तर त्याला आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात. इतर पापांना काही ना काही सबब असते. कोणी रागाने करतो, कोणी भुकेने करतो. मापातले पाप मात्र थंड डोक्याने, रोज, प्रत्येक गिऱ्हाइकाला, आणि तोंडाने गोड बोलत केले जाते. म्हणून आमच्या पूर्वजांनी ते फार नीच मानले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर वजने-मापे तपासण्यासाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला असून खोट्या मापाला दंडही सांगितला आहे. राजाने वाण्याचे माप तपासावे, ही व्यवस्था झाली. पण राजा स्वतःच जेव्हा माप हातात घेऊन गरिबाच्या पदरात काही घालतो, तेव्हा त्याचे माप कोणी तपासावे? हा प्रश्न मला सुचला नाही. एका म्हाताऱ्या माउलीने तो माझ्यापुढे टाकला. तो प्रसंग आधी सांगतो, कारण त्यात माझी चूक आहे, आणि चूक लपवून केलेले निरूपण पोकळ असते.

कार्तिकातली गोष्ट. एका गावी कीर्तन होते. पूर्वरंगात उद्योगाचे महत्त्व चालले होते. मंडळी चांगली जमली होती, टाळकरी रंगात होते, आणि माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेले : “हल्ली सरकार महिन्याच्या महिन्याला पैसे वाटते, मग घाम कोण गाळणार? हात पसरायची सवय लागली की टाळीसाठीसुद्धा हात मोकळा राहत नाही!” मंडपात हशा पिकला. कीर्तनकाराला हशा फार आवडतो, मलाही आवडला. कीर्तन संपले, आरती झाली, लोक पाया पडून जाऊ लागले. सर्वांच्या मागून सत्तरी उलटलेली एक बाई आली. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. पाया पडली आणि तिथेच बसली. म्हणाली, “म्हाराज, तुमी म्हनला त्ये खरं आसंल. मला निराधाराची पगार हाय, पंधराशे. मालक गेलं, ल्योक न्हाई. धान्य रेशनचं मिळतंय, त्याचं काय न्हाई. पर त्याल, डाळ, मीठ-मिरची, लाइटबिल, बीपीच्या गोळ्या, आनि पैसं काढाय तालुक्याला जायाचं जीपचं भाडं, ह्यातलं काय टाकू त्ये तेवढं सांगा. तुमी श्यानं हायसा.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती. आणि तेच मला लागले. मी म्हणालो, “माउली, पण रक्कम वाढली ना? आधी हजार होते.” ती म्हणाली, “वाढली की. पर म्हाराज, डबा काय वाढंना. तेलाचा डबा आधी भरायचा, आता निम्मा ऱ्हातोय.”

अनुदानाला आपल्या खेड्यांत ‘पगार’ म्हणतात. शहरातल्या माणसाला हा शब्द ऐकून हसू येते. मला त्या रात्री हसू आले नाही. झोपही आली नाही. व्याकरणाच्या पाठशाळेत गुरुजींनी शिकवले होते की, शब्द उगाच रूढ होत नाही, त्याच्या पोटात अर्थ असतो. पगार म्हणजे नेमलेले, ठरलेले, ज्यावर माणूस महिना बांधू शकतो असे. ते ठरवतो कोण, आणि कशावरून? नंतरच्या काही महिन्यांत जाणकारांना विचारून, वाचून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो. मी कोणा पक्षाचा नाही, आणि हा लेखही नाही.

प्रथम एक साधी गोष्ट. वारीच्या दिंडीत शिधा कसा काढतात? माणसे मोजून. दीडशे पाने असतील तर दीडशे पानांचे तांदूळ, तेवढी डाळ. बाजार चढला तर भिशी वाढवतात; तक्रार होते, पण वाढवतात. आता समजा भिशी वाढवायची नाही, पानेही तेवढीच, आणि डाळ महागली. मग आचाऱ्याला एकच मार्ग उरतो, आमटीत पाणी. वाढपी पूर्वीप्रमाणेच दोन डाव वाढतो. पंगतीत कोणी म्हणू शकत नाही की मला कमी वाढले. डाव दोन ते दोनच! पण पोट मात्र ओळखते. रोख पैशाचे अनुदान एकदा ठरवून तसेच ठेवले की नेमके हेच घडते. रुपयांचा आकडा म्हणजे डावांची संख्या. महागाई म्हणजे आमटीतले पाणी. कोणाचाही हात दिसत नाही, आणि पान रिकामे राहते.

रेशनच्या धान्याचे तसे नाही, हे लक्षात घ्यावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो, आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवले. बाजारात गव्हाचा भाव काहीही होवो, पाच किलो ते पाच किलोच. म्हणून ती म्हातारी म्हणाली, “त्याचं काय न्हाई.” वजनाने दिलेले झिजत नाही, नाण्याने दिलेले झिजते. एवढा भेद त्या निरक्षर बाईला कळला होता, मला पोथ्या वाचून कळला नव्हता.

आता हे माप ठरवण्याची आपल्या देशातली परंपरा पाहू. दादाभाई नौरोजी यांनी १८७६ साली मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर जो निबंध वाचला, त्यात एका माणसाला जगायला वर्षाला किती लागते याचा हिशेब केला होता. हिशेब कसा केला? परदेशी मजुरीला जाणाऱ्या लोकांना जहाजावर सरकारी नियमाने जो शिधा मिळे तो, आणि तुरुंगातल्या कैद्यावर सरकार जो खर्च करी तो, हे धरून. १८६७-६८ च्या भावाने तो आकडा प्रांतपरत्वे माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये आला. यातले मर्म ध्यानात घ्या. दादाभाईंनी सरकारची दया मागितली नाही. ते म्हणाले, तुमच्या कैद्याला जेवढे लागते असे तुम्हीच मानता, तेवढे तरी निरपराध प्रजेला मिळते का? सरकारचेच माप त्यांनी सरकारपुढे धरले.

त्याच वर्षी दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. सोलापूर, पुणे, नगर, विजापूर या भागांत लोक दुष्काळी कामांवर खडी फोडू लागले. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल हे साहेब हिंदुस्थान सरकारच्या वतीने पाहणीला निघाले, आणि त्यांनी मजुरीचे माप खाली आणले : पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. रत्तल म्हणजे अर्ध्या किलोलाही थोडे कमी. दिवसभर दगड फोडणाऱ्याला एवढे! त्यामागे विचार कोणता? माणसाला काय लागते हा नव्हे, खजिन्यातून किती कमी जाईल हा. मुंबई इलाख्यात हजारो मजूर शांतपणे काम सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. मद्रासेचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तर, एवढ्या अन्नावर कष्ट करणारे शरीर टिकणार नाही असे शास्त्राच्या आधाराने मांडले, आणि मद्रासेत ते माप त्याच वर्षी मागे घ्यावे लागले. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता झाल्या. त्यांत एक गोष्ट मान्य झाली : दुष्काळी कामावरची मजुरी धान्याच्या भावाला बांधावी, भाव चढला की मजुरी चढावी. मजुरीचे ते माप मोठे होते असे नव्हे, बेताचेच होते. पण निदान ते आपोआप झिजत नव्हते. परक्या सरकारला, लाखो माणसे मेल्यावर का होईना, हे तत्त्व कळले होते.

स्वराज्य आल्यावर १९६२ साली नियोजन मंडळाच्या एका जाणत्या गटाने, ज्यात आपले धनंजयराव गाडगीळ होते, ठरवले की १९६०-६१ च्या भावाने माणशी महिना २० रुपये हे किमान मानावे. पाच माणसांच्या कुटुंबाला शंभर. त्यात शिक्षण आणि औषधपाणी धरले नव्हते, कारण ते सरकारने वेगळे पुरवावे अशी अपेक्षा होती. १९७९ साली दुसऱ्या गटाने अन्नातील उष्मांक धरले : खेड्यात माणशी रोज २४००, शहरात २१००. येथपर्यंत विचाराची दिशा बरी होती. आधी पोट मोजायचे, मग त्याची किंमत. पण पुढे ही रेषा वर्षानुवर्षे भाववाढीने गुणत नेली, आणि मूळ माणूस कोठे गेला हे कोणी पाहिले नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयात नियोजन मंडळाने प्रतिज्ञापत्र दिले की शहरात रोज ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्चणारा माणूस गरिबीच्या रेषेवर आहे, तेव्हा देशभर लोक चपापले. २६ रुपयांत औषध आणि शिक्षणही आले असे त्यात गृहीत होते. १९६२ सालचे वचन केव्हाच गळून पडले होते.

आता प्रत्यक्ष अनुदानाकडे येऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने निराधार वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले. महिना ७५ रुपये. २००६ साली ते २०० झाले. २०११ साली वयाची अट ६५ वरून ६० वर आली आणि ऐंशीच्या पुढच्यांना ५०० झाले. हे चांगले झाले. पण साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी केंद्राचा तो २०० चा आकडा त्यानंतर अठरा वर्षे उलटली तरी तोच होता. सरकारच्याच निर्देशांकाप्रमाणे या काळात किमती तिपटीहून अधिक वाढल्या. म्हणजे २००६ साली दोनशेंत जेवढे येई त्याचा तिसरा हिस्साही धड येत नाही. अहो, १९९५ च्या पंचाहत्तर रुपयांत जेवढे सामान येत होते, तेवढेसुद्धा या दोनशेंत येत नाही! आकडा वाढला आणि माप घटले. डाव मोठा झाला आणि आमटी पाण्यासारखी.

आपल्या राज्याने मात्र यात भर घातली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९८० पासून महाराष्ट्रात निराधारांसाठी संजय गांधी योजना आहे, वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. केंद्राचे दोनशे आणि राज्याची भर मिळून २०१९ पूर्वी ६०० होत; २०१९ साली १०००, २०२३ साली १५०० झाले. पण या आकड्यांकडे पाहा : सहाशे, हजार, पंधराशे. सगळे गोल! भुकेचा हिशेब केला तर आकडा कधी गोल येत नाही. तेलाची, डाळीची, गोळ्यांची बेरीज कराल तर तेराशे सत्तावीस येईल, नाही तर दोन हजार एकशे चौदा येईल. गोल आकडा आला की समजावे, तो पानावरून आलेला नाही, जाहीर करायला सोपा म्हणून आलेला आहे. आणि तो वाढतो केव्हा? ठरलेल्या दिवशी नाही. कोणाच्या मनात येईल तेव्हा, ऋतू अनुकूल असेल तेव्हा. मते मागण्याचा ऋतू कोणता, हे वाचकांस सांगायला नको. २०२४ साली बहिणींसाठी जी योजना आली, तिचीही रक्कम महिना १५०० आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. निराधार विधवेलाही पंधराशे, आणि जिच्या घरात वर्षाला दोन लाख येतात तिलाही पंधराशे! बहिणींना मिळाले याचे वाईट कोणाला वाटेल? पण दोन अगदी निराळ्या पानांवर एकच डाव वाढला, म्हणजे पान पाहून वाढले नाही, एवढे तर खरे.

दुसरी बाजू याहूनही खोल आहे. निराधार योजनेत दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, ही अट कित्येक वर्षे तशीच चालत आली. एकवीस हजारांना बारांनी भागा. महिन्याला साडेसतराशे. पाच माणसे असतील तर माणशी साडेतीनशे, दिवसाला बारा रुपयांच्या आत. कोणी एखादा दिवसाला अडीचशे रुपये मजुरीने ८४ दिवस कामाला गेला की तो या मर्यादेला भिडला. मग लोक काय करतात? सर्वांना ठाऊक आहे. एकवीस हजारांचा दाखला ‘काढतात’. ज्या माउलीने जन्मात तुळशीची माळ आणि सत्य सोडले नाही, तिला म्हातारपणी सरकारी कागदावर अंगठा उठवून खोटे बोलावे लागते. नाही बोलली तर उपाशी. बोलली तर मिंधी. पुढे कोणाशी भांडण झाले की तोच दाखला तिच्याविरुद्ध दाखवता येतो. वाण्याचे खोटे माप फक्त गिऱ्हाइकाचे धान्य खाते. हे माप गिऱ्हाइकाचे सत्य खाते. म्हणून याला मी मापातले पाप म्हणतो.

आता पूर्वपक्ष. पहिली शंका अशी की, खजिना अमर्याद नाही. मागेल त्याला पुरेल एवढे दिले तर राज्य बुडेल. याचे समाधान : खजिना मर्यादित आहे हे कबूल. मग एवढेच म्हणावे, ‘माणसाला इतके लागते, त्यातले आम्हाला निम्मे देता येते.’ निम्म्याला निम्मे म्हणणे ही गरिबी झाली. निम्म्याला पुरे म्हणणे ही लबाडी. शिवाय सरकारला भाववाढ मोजता येत नाही असे नाही. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीपासून आणि जुलैपासून, निर्देशांक पाहून ठरतो. तो कोणाची मेहेरबानी म्हणून वाढत नाही, नियम म्हणून वाढतो, आणि ते योग्यच आहे. ज्या तराजूने कारकुनाचे पान जोखता येते, त्याच तराजूने निराधाराचे पान जोखायला हात का जड व्हावा? तराजू एक आणि गिऱ्हाइके दोन तऱ्हांची, याला काय म्हणावे ते सुज्ञांनी ठरवावे.

दुसरी शंका माझीच होती, कीर्तनात हशा पिकवणारी : दिल्याने माणूस आळशी होतो. ही शंका जुनी आहे. १८३४ साली इंग्लंडात गरिबांसाठी जो कायदा झाला, त्याचे तत्त्वच असे होते की मदतीवर जगणाऱ्याची स्थिती सर्वांत कमी मजुरीच्या माणसाहूनही हलकी ठेवावी, म्हणजे कोणी मदतीला येणार नाही. टेंपलसाहेबांचे रत्तल याच विचाराच्या पोटचे. समाधान असे : ज्याचे हातपाय चालतात त्याला काम द्यावे, हे बरोबर. आपल्याच महाराष्ट्राने ते करून दाखवले. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या विचारातून वाढलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप आले, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुराला काम, ही कल्पना साऱ्या देशाने पुढे उचलली. पण अंध, पंगू, विधवा, सत्तरीची म्हातारी, यांना आळशी करायचे म्हणजे काय करायचे? जिने पन्नास वर्षे दुसऱ्याच्या रानात खुरपे चालवले, तिचा उद्योग संपला आहे. तिला आता उद्योगाचे महत्त्व सांगणारा मी कोण? मला वाटते, आळशी कोण असेल तर तो हिशेब न करता गोल आकडा लिहिणारा.

तिसरी शंका आमच्या बाजूची आहे, म्हणून ती जपून घेतली पाहिजे. कोणी म्हणेल, दान हा व्यक्तीचा धर्म. ते सरकारने केले की गावाची दया आटते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस, तामस असे तीन भेद सांगितले आहेत. देणे हे कर्तव्य आहे अशा बुद्धीने, परतफेडीची आशा न धरता, योग्य स्थळी-काळी-पात्री दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून, मनात कुरकुरत दिलेले ते राजस. तुच्छतेने, अवहेलना करून दिलेले ते तामस. या कसोटीला सरकारी अनुदान लावून पाहा. मतांवर डोळा ठेवून दिले तर ते राजस झाले. चार हेलपाटे घालायला लावून, अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवून दिले तर ते तामस झाले. मग सात्त्विक केव्हा? नियमाने, वेळेवर, पान पाहून दिले तर. पण मी याच्याही पुढे जाऊन विचारतो की, हे दान आहे तरी का? कौटिल्याने बालक, वृद्ध, रोगी आणि अनाथ यांचे भरणपोषण राजाच्या कर्तव्यांत घातले आहे. कर्तव्य म्हणजे देणे लागणे. आणि खजिना कोणाचा? ती म्हातारी साबणाची वडी घेते, चपलेचा जोड घेते, त्यातून कर जातोच. तिच्याच हंड्यातले पाणी तिच्या ओंजळीत घालताना ‘दान’ हा शब्द वापरू नये. गावाची दया त्याने आटत नाही. उलट तिच्या पोटाची चिंता नियमाने भागली की गावाने तिची विचारपूस प्रेमाने करावी, याला मोकळीक मिळते.

आता उत्तररंग. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तुम्हाला नवी नाही. महिपतीबोवांनी ती भक्तविजयात सांगितली आहे आणि कीर्तनात ती पिढ्यान्पिढ्या होते. मीही शेकडो वेळा केली असेल. दुर्गादेवीचा दुष्काळ, बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे दामाजीपंतांच्या ताब्यात, लोक तडफडून मरताहेत. पंतांनी कोठारे उघडली. बादशहाने धरून आणायची आज्ञा केली. इतक्यात विठू महाराचे रूप घेऊन पांडुरंग दरबारी गेला, थैली रिती केली, आणि सगळे धान्य फेडून पावती घेतली. आजवर मी हे आख्यान करताना देव धावून आला यावर रंग भरत असे. त्या रात्रीनंतर माझे लक्ष दुसरीकडे गेले.

देवाने हिशेब बुडवला नाही! त्याला काय अवघड होते? बादशहाची बुद्धी फिरवता आली असती, वह्या कोऱ्या करता आल्या असत्या. पण त्याने तसे केले नाही. त्याने पै न् पै मोजली आणि पावती घेतली. म्हणजे दया आणि हिशेब यांचे वैर नाही. दामाजीपंत स्वतः हिशेबनीस होते, उधळे नव्हते. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. पंतांच्या क्रमात आधी पोट, मग वही. आज आमचा क्रम आधी वही, मग वहीत जे उरेल ते पोट. टेंपलसाहेबांचा क्रमही हाच होता. दोघेही अधिकारी, दोघांसमोर दुष्काळ, दोघांच्या हातात माप. एकाचे नाव आपण कथेत घेतो. दुसऱ्याचे रत्तल तेवढे इतिहासात राहिले.

तात्पर्य काय? गरिबाला किती द्यावे, हा प्रश्न आधी मापाचा आहे, मग दयेचा. एका वृद्ध माणसाला महिन्याला काय लागते याची यादी उघडपणे करावी. धान्य मिळतेच आहे, तेव्हा तेल, डाळ, दूध, औषध, इंधन, वीज, बँकेपर्यंतचे भाडे. त्याची बेरीज गोल न करता लिहावी. ती कारकुनाच्या भत्त्याबरोबर, त्याच दिवशी, त्याच तराजूने वाढावी. उत्पन्नाची मर्यादाही तशीच वाढावी, म्हणजे कोणा माउलीला खोटा दाखला काढावा लागणार नाही. आणि सगळे देता येत नसेल, तर किती कमी देतो तेही सांगावे. यात अवघड काय आहे ते मला कळत नाही. मी अर्थशास्त्री नाही. पण पंगत वाढलेला माणूस आहे.

आणि आपण वारकऱ्यांनी काय करावे? आपल्या फडावर, आपल्या गावात ज्यांना ‘पगार’ आहे त्यांची थट्टा करू नये. त्यांचा अर्ज अडला असेल तर कोणी लिहिता-वाचता माणूस बरोबर जावा. हयातीचा दाखला द्यायचे दिवस आले की चार म्हाताऱ्यांना आपल्याच गाडीतून न्यावे. एकमेकांच्या पाया पडतो, ते त्याच्यातल्या देवाच्या. मग त्या देवाला तहसीलच्या पायरीवर तीन तास उभे ठेवून आपण घरी कसे बसावे?

त्या बाईला मी काय उत्तर दिले, असे वाचक विचारतील. त्या दिवशी काहीच देता आले नाही. “माउली, काही टाकू नकोस,” एवढेच म्हणालो, आणि तेही ओशाळून. पुढच्या वर्षी त्याच गावी पुन्हा कीर्तन झाले. ते वाक्य मी कीर्तनातून काढून टाकले होते. पण सांगायचे राहू नये म्हणून, का काढले तेही भर मंडपात सांगितले. यावेळी हशा पिकला नाही. ती मागच्या रांगेत बसली होती. तिने वर पाहिले की नाही, ते माझ्या चष्म्याला दिसले नाही.

रामकृष्ण हरि.